चाळिशीत डेटा सायन्सकडं वळताना: मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

वाळूज, लातूर, नांदेड, परभणीकडून मेसेज येतच असतात, बहुतेक पस्तीस ते पन्नास वयाच्या लोकांचे. कुणी प्रॉडक्शनला आहे, कुणी बँकेत, कुणी कॉलेजवर तासिका तत्त्वावर शिकवतंय. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी स्वतः क्वालिटी डिपार्टमेंटमधून इकडं आलो, त्यामुळं उदाहरणं तिकडची जास्त येतील. आणि माझं मत आधीच सांगतो, खाली सगळीकडं तेच दिसेल: आधीची पंधरा-वीस वर्षं बाजूला टाकून फ्रेशर पोरांच्या रांगेत उभं राहू नका, आहे त्या कामातल्या डेटापासून सुरुवात करा.

१. डेटा सायंटिस्ट दिवसभर नेमकं करतो काय?

थोडक्यात, आकड्यांवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज किती चुकू शकतो हेही सांगतो. आपल्याकडं पैसेवारी सगळ्यांना माहितीय, म्हणजे चांगल्या पिकाला रुपया धरला तर यंदाचं किती पैसे आलं ते. गावातलं सगळं शिवार कुणी मोजत नाही, काही प्लॉट निवडून पीक कापणी प्रयोग होतो, त्यावरून अख्ख्या गावाचं उत्पादन काढतात आणि ५० पैशांच्या आत आलं की दुष्काळाची चर्चा सुरू होते. या पीक कापणी प्रयोगामागचं सॅम्पलिंगचं शास्त्र भारतात १९४० च्या दशकात महालनोबिस आणि आपले पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी उभं केलं. प्लॉट कसे निवडले, किती निवडले, बांधालगतचेच घेतले का, यावर आकडा खरा की खोटा ते ठरतं. हाच विचार कॉम्प्युटरवर, लाखो ओळींच्या डेटावर करायचा.

रोजच्या कामात मात्र मॉडेल (डेटावरून अंदाज काढणारं गणित) बनवणं कमी आणि डेटा गोळा करणं, साफ करणं, ज्याला उत्तर हवंय त्याच्याशी बोलून प्रश्न नक्की करणं हेच जास्त असतं. त्याच घरातली दुसरी कामं म्हणजे डेटा अ‍ॅनालिस्ट, जो रिपोर्ट, डॅशबोर्ड, एसक्यूएल (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा) बघतो, आणि डेटा इंजिनिअर, जो डेटा एकीकडून दुसरीकडं नेणारी पाइपलाइन बांधतो. करिअर बदलणाऱ्या बहुतेकांना पहिलं दार अ‍ॅनालिस्टचंच उघडतं, त्यात कमीपणा काहीच नाही.

२. माझं वय ४३ आहे, उशीर झाला का?

शिकायला उशीर झालेला नाही. फ्रेशर म्हणून स्पर्धा करायला झालाय, हे स्पष्टच सांगतो. बावीस वर्षांचा पोरगा कमी पगारात रात्री जागून काम करेल, तिथं तुम्ही त्याच्याशी भिडू नका.

पण बघा, वाळूजच्या एखाद्या प्लांटला क्वालिटीत पंधरा वर्षं काढलेला माणूस कंट्रोल चार्ट (माप ठरलेल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारा आलेख) रोज बघतो, सीपीके (प्रोसेस मापात किती बसते तो आकडा) काढतो, मीन म्हणजे सरासरी सरकली की आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो. कंट्रोल चार्ट ही शूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेली संख्याशास्त्रातलीच गोष्ट आहे, म्हणजे तुम्ही अर्धं शास्त्र आधीच वापरू लागलात, फक्त त्याला डेटा सायन्स म्हणत नव्हता. बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्याला कोणतं खातं थकणार याचे संकेत माहिती असतात. बियाणं कंपनीच्या सेल्सवाल्याला जालन्यात कोणत्या आठवड्यात मागणी येते ते तोंडपाठ असतं. ही जाण कोर्समध्ये मिळत नाही आणि कंपन्यांना तीच हवी असते.

३. मी मराठी माध्यमाचा, बी.ए. झालेला, गणित दहावीनंतर सुटलंय. जमेल का?

जमेल, पण गणित टाळून नाही जमणार. लागतं ते एवढं: सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, संभाव्यता, कोरिलेशन, रेषीय समीकरण, पुढं जाऊन मॅट्रिक्स आणि थोडं डेरिव्हेटिव्ह. अकरावी-बारावीची बालभारतीची गणिताची पुस्तकं काढा, त्यातले संख्याशास्त्र आणि संभाव्यतेचे धडे वहीत सोडवा. व्हिडिओ बघून समजल्यासारखं वाटतं, पेन हातात घेतला की कळतं काय समजलं ते.

इंग्रजीबद्दल: बोलण्याच्या इंग्रजीची भीती नको, वाचायच्या इंग्रजीची सवय मात्र लागते, कारण एरर मेसेज आणि डॉक्युमेंटेशन सगळं इंग्रजीत आहे. रोज एक पान वाचा, अडलेला शब्द वहीत लिहा. पदवीचा विषय प्रश्न ७ मध्ये आहे.

४. सुरुवात कशापासून करू? पायथन आधी का मशीन लर्निंग?

एक्सेलपासून. हसू नका, पिव्होट टेबल आणि लुकअप ज्याला पक्कं येतं त्याला पुढचं निम्मं सोपं जातं. त्यानंतर एसक्यूएल, हे लोक सोडून देतात आणि इंटरव्ह्यूत तिथंच अडकतात, जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन हात न थांबता लिहिता आले पाहिजेत. मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि त्यातलं पांडाज हे डेटा हाताळायचं साधन, सोबत संख्याशास्त्र चालूच ठेवायचं. मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या डेटावरून कॉम्प्युटरला अंदाज शिकवणं, सगळ्यात शेवटी, आणि तेही लिनिअर रिग्रेशन, लॉजिस्टिक रिग्रेशन, डिसिजन ट्री यांच्यापासून. डीप लर्निंगकडं पहिल्या वर्षी बघायचंही कारण नाही.

लॅपटॉप साधा चालतो, आठ जीबी रॅम असली तरी पुरे. भारी कामासाठी गुगल कोलॅब आणि कॅगल दोन्ही फुकट आहेत, कोड त्यांच्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्याला फक्त ब्राउझर आणि नेट लागतं. लाईट जाते तिथं कोलॅबचं सेशन तुटतं, म्हणून मधलं काम सेव्ह करत जा.

५. शिफ्ट ड्युटी आहे, वेळ कसा काढू आणि किती महिने लागतील?

ज्याला एक्सेल चांगलं येतं आणि जो रोज दीड-दोन तास देतो, त्यानं अ‍ॅनालिस्टच्या कामापर्यंत यायला वर्षभर धरावं. सायंटिस्ट म्हणवून घ्यायला त्यापुढं आणखी दोनेक वर्षं, तीही कामात राहून. तीन महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल पुढच्याच प्रश्नात बघा.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका, जुनं परत सोडवा. आणि घरच्यांना आधी सांगा. लग्नकार्यं, सुगी, पोरांच्या परीक्षा हे धरूनच वेळापत्रक करायचं, नाहीतर एक आठवडा बुडला की माणूस सगळंच सोडून देतो.

६. पुण्याच्या एका क्लासचा फोन येतोय, जॉब गॅरंटी म्हणायलेत, ईएमआय पण करून देतो म्हणतात. लावू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर मला मनापासून तळमळ आहे, कारण आपल्याकडची माणसं इथंच नागवली जातात.

तो ईएमआय म्हणजे क्लासनं दिलेली सवलत नसते. तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं, पैसे क्लासला एकरकमी मिळतात, आणि तुम्ही तिसऱ्या आठवड्यात क्लास सोडला तरी हप्ता चालू राहतो. चुकला की सिबिलवर डाग, मग घराचं नाहीतर ट्रॅक्टरचं कर्ज काढायला गेलात की तिथं अडतं. फोनवर ओटीपी सांगितला की कर्जाला संमती दिली असं धरलं जातं, म्हणून "फक्त रजिस्ट्रेशन आहे" म्हणून मागितला तरी ओटीपी द्यायचा नाही.

गॅरंटीचा कागद मागा. त्यात बहुतेक वेळा अटी असतात: वय अमुकच्या आत, शिक्षणात गॅप नको, पदवीला ६० टक्के, एवढ्या टक्के हजेरी, देशात कुठंही आणि मिळेल त्या पगारात जायची तयारी. चाळिशीतला माणूस पहिल्या दोन अटींतच बाहेर पडतो. रिफंड कधी, किती दिवसांत, कर्ज कोण बंद करणार हे लेखी नसेल तर उठून या. आधीच अडकला असाल तर क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांनाही ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

सगळे क्लास वाईट नसतात. शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम बघायला मिळत असेल, महिन्याच्या महिन्याला फी भरता येत असेल आणि शंका विचारायला माणूस असेल तर खुशाल लावा. एकट्यानं शिकताना कंटाळा येतो, सोबत लागते, हे खरंय.

७. डिग्री लागते का? या वयात कुठं ॲडमिशन मिळेल?

अ‍ॅनालिस्टच्या कामाला कुठलीही पदवी आणि दाखवण्यासारखं काम यावर चालून जातं. मोठ्या कंपन्यांचं एचआर मात्र पदवीची चाळणी लावतं, तिथं कागद उपयोगी पडतो.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम २०२० पासून सुरू आहे. जेईई लागत नाही, वयाची अट नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं पाहिजे. आधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात, मग पात्रता परीक्षा. शिकवणं ऑनलाइन, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन द्यायची. फाउंडेशन, डिप्लोमा, पदवी असे टप्पे आहेत, मध्ये थांबलं तरी त्या टप्प्याचं सर्टिफिकेट मिळतं, नोकरी करणाऱ्याला हे फार सोयीचं आहे. अभ्यास सोपा नाही, आठवड्याचे बरेच तास जातात.

एवढं नको असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, फक्त परीक्षा द्यायची तर साधारण हजार रुपये फी. ज्यांची इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि एम.टेक.चं मनात आहे त्यांच्यासाठी २०२४ पासून गेटला डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आलाय, गेटलाही वयाची अट नाही.

८. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकू का?

नको. घरात दुसरा पगार आहे, कर्ज नाही आणि वर्षभराचा खर्च बाजूला आहे, असं तिन्ही असेल तरच विचार करा.

सोडायचीच वेळ आली तर राजीनाम्याआधी चार गोष्टी बघा. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-चार महिने राहिले असतील तर थांबा. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा, कारण सलग पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो. पीएफमधल्या पेन्शनला एकूण दहा वर्षं सेवा लागते, नऊ झाली असतील तर ती मोडू नका. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीसोबत जातो, आई-वडील त्यात असतील तर स्वतःची पॉलिसी आधी घ्या मगच कागद द्या.

९. प्रोजेक्ट कोणता करू? सगळे टायटॅनिकच करायलेत.

टायटॅनिक आणि आयरिस हे सरावाचे तयार डेटासेट शिकण्यापुरते ठीक, रेझ्युमेवर नको, घेणाऱ्यानं ते शेकडो वेळा बघितलेत. आपल्या भागातला विषय घ्या. लातूरच्या सोयाबीनचा भाव घ्या, त्यावर मी थोडं खोलात सांगतो.

सरकारच्या ॲगमार्कनेटवर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतो. फाइल उतरवली की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे तारखा तुटलेल्या. बाजार बंद असला त्या दिवसाची ओळच नसते. तिथं शून्य भरलंत तर भाव कोसळल्यासारखं दिसेल, म्हणून शून्य भरायचं नाही. मग किमान भाव बघा, एखाद्या दिवशी तो फारच खाली असतो, कारण भिजलेला किंवा डागी माल आलेला असतो. तो आकडा चुकीचा नाही, पण अंदाजासाठी सर्वसाधारण भाव घेतलेला बरा. आवक दसरा-दिवाळीच्या आसपास एकदम वाढते, हे मॉडेलला महिन्याच्या रूपात सांगावं लागतं. २०२१ च्या पावसाळ्यात भाव दहा हजारांच्या वर गेला होता, ते वर्ष ठेवायचं का काढायचं? काढू नका, पण त्याचा वेगळा उल्लेख करा. हमीभाव हाही एक कॉलम करा, २०२३-२४ ला ४६००, २०२४-२५ ला ४८९२, २०२५-२६ ला ५३२८ रुपये क्विंटल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा असे डेटाचे दोन भाग करताना बहुतेक जण कोडची एक ओळ टाकतात आणि ओळी कशाही विखुरल्या जातात. म्हणजे मंगळवारचा भाव सांगायला मॉडेलला बुधवारचा भाव आधीच दिसलेला असतो, मग अचूकता झकास येते आणि खऱ्या बाजारात ती शून्य कामाची. भावाच्या डेटात तारखेनंच तोडायचं, मागची वर्षं शिकायला, शेवटचं वर्ष तपासायला. आणि तुलना कशाशी करायची, तर "कालचा भाव तोच आजचा" या साध्या अंदाजाशी. तुमचं मॉडेल त्यापेक्षा क्विंटलमागं किती रुपयांनी कमी चुकतं ते लिहा. नाही हरवता आलं तर तसंच लिहा, का नाही आलं ते सांगा. मी माणूस निवडताना असं लिहिणाऱ्याला आधी बोलावतो.

असंच जायकवाडीचा पाणीसाठा, आपल्या मंडळाचा पाऊस, मशीनचा ब्रेकडाऊन लॉग घेता येईल. एकच करा पण गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) नीट टाका, खाली दोन पानं मराठीत किंवा इंग्रजीत स्पष्टीकरण लिहा.

१०. मी बँकेत आहे, ग्राहकांचा डेटा नाव काढून प्रोजेक्टला वापरला तर चालेल का?

नाही. नाव काढलं तरी गाव, वय, कर्जाची रक्कम यावरून माणूस ओळखू येतो, आपल्या तालुक्यांत तर लगेच. डेटा बँकेचा आहे, नोकरी जाऊ शकते, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. कारखान्याच्या डेटाचंही तेच. एआयच्या चॅटमध्ये कंपनीची फाइल टाकणं हेही त्यातच आलं. बँकेतल्या माणसानं कॅगलवरचे खुले कर्जांचे डेटासेट घ्यावेत, कामाची जाण तिथंही दिसते. कंपनीच्या आतच, साहेबांच्या लेखी परवानगीनं केलं तर गोष्ट वेगळी, ती प्रश्न १६ मध्ये.

११. संभाजीनगरात जॉब आहेत का का पुण्यालाच जावं लागतं?

डेटा सायंटिस्ट या नावाच्या जाहिराती इथं थोड्या. पण काम आहे: वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत क्वालिटी, मेंटेनन्स, प्लॅनिंगमध्ये, जालन्याच्या स्टील आणि बियाण्यांत, बँकांच्या विभागीय ऑफिसांत, हॉस्पिटलांत. ते ॲनालिटिक्स, एमआयएस, प्रोसेस एक्सलन्स अशा नावांनी असतं, सर्च करताना हे शब्द टाका. घर, शेती, आई-वडील इकडं असतील तर आधी इथलं बघा. पूर्ण वर्क फ्रॉम होम पहिल्याच नोकरीत मिळेल असं धरून चालू नका.

१२. पगार कमी होईल का?

बाहेर, वेगळ्या क्षेत्रात उडी मारली तर बहुतेक वेळा होतो. त्याच क्षेत्रात राहून डेटाकडं सरकलात तर सहसा होत नाही. पुण्याचा आकडा ऐकून खूश होण्याआधी भाडं, पोरांची शाळा आणि गावाकडच्या चकरा वजा करून बघा.

१३. कन्सल्टन्सीवाला तीन वर्षांचं आयटीचं अनुभव पत्र बनवून देतो म्हणतो. सगळेच करतात का?

करू नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला पीएफची सर्व्हिस हिस्ट्री बघतात, यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) कोणत्या कंपनीत कधी होता ते सगळं दिसतं. पकडलं गेलं की जॉइन झाल्यावरही काढतात. आणि मुळात तुमच्याकडं पंधरा वर्षांचा खरा अनुभव आहे, तो नीट लिहा. "क्वालिटी इंजिनिअर" एवढंच न लिहिता "रिजेक्शनच्या डेटावरून कारण शोधून काय बदललं" ते लिहा, आकड्यासकट.

१४. एआयच कोड लिहायलंय, मग हे शिकून उपयोग काय?

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून साधा कोड लिहिणं स्वस्त झालंय, हे मान्य. फक्त कोड लिहिणाऱ्या नवख्यांची कामं त्यानं कमी होतील असं मलाही वाटतं. पण वरच्या सोयाबीनच्या उदाहरणात बाजार बंद असलेला दिवस कोणता, डागी माल म्हणजे काय, तारखेनं का तोडायचं, हे विचारायला माणूस लागतो. एआय वापरा, पण त्यानं दिलेली प्रत्येक ओळ समजल्याशिवाय पुढं जाऊ नका.

१५. मी सरकारी नोकरीत आहे, शिकत शिकत बाहेरची कामं घेऊ शकतो का? आणि व्हीआरएसचं काय?

शिकायला हरकत नाही, नियमित पदवी करणार असाल तर ऑफिसची परवानगी घ्या. पैसे घेऊन बाहेरचं काम मात्र वर्तणूक नियमांत परवानगीशिवाय बसत नाही, बायकोच्या नावानं घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन आहे आणि २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते. एकोणिसाव्या वर्षी भावनेच्या भरात राजीनामा देऊ नका, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांत पेन्शनचा फरक पडतो. सेवापुस्तकातली वर्षं आस्थापना शाखेतून लेखी मोजून घ्या.

ज्या ताई पोरांसाठी दहा-बारा वर्षं घरी होत्या त्यांचेही प्रश्न इथंच उरकतो: गॅप लपवू नका, रेझ्युमेवर सरळ लिहा, आणि मोठ्या कंपन्यांचे खास ब्रेकनंतर परतणाऱ्या महिलांसाठी रिटर्नशिप नावाचे कार्यक्रम असतात, ते बघत राहा.

१६. आहे त्याच कंपनीत डेटाचं काम मागितलं, साहेब नाही म्हणाले. आता?

मागितलंत कसं ते आठवून बघा. "मला डेटा सायन्समध्ये जायचंय" म्हटलं की साहेबाला एक माणूस कमी होताना दिसतो. त्याऐवजी त्यालाच रोज त्रास देणारी एक गोष्ट निवडा, समजा महिन्याच्या रिजेक्शन रिपोर्टला दोन दिवस लागतात. परवानगी घेऊन कंपनीच्याच कॉम्प्युटरवर ते काम एसक्यूएल किंवा पॉवर बीआयमध्ये (डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) बसवा आणि जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून आकडे जुळतात ते दाखवा. दुसऱ्या डिपार्टमेंटनं तेच मागितलं की विषय आपोआप वर जातो. तरीही दोन-तीन वेळा नाहीच झालं तर तेवढं काम रेझ्युमेवर, आतले आकडे उघड न करता, लिहा आणि त्याच क्षेत्रातल्या शेजारच्या कंपनीत अर्ज करा, शेंद्र्यातल्या माणसाला वाळूजला कोण काय शोधतंय ते बहुतेक वेळा माहिती असतंच. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ते ऑफर घेतानाच सांगून टाका.